आकस्मिक आघात आणि कुटुंबाची सावरण्याची वाट

वेळापूरला माउलींची पालखी दरवर्षी येते. तिची तिथी ठरलेली असल्याने सारे गाव आधीपासून सज्ज असते. आजारपण व अपघात मात्र तिथी पाहून येत नाहीत. सकाळी उसाला पाणी द्यावयास गेलेला कर्ता पुरुष दुपारी अर्धांगवायूने रुग्णालयात दाखल होतो आणि त्या घराची मिळकत, दिनक्रम व जबाबदाऱ्या एकाच दिवसात बदलून जातात. अशा वेळी धीर धरा, एवढे सांगून भागत नाही. कोणती गोष्ट तातडीने करावी व कोणती थोडी थांबवावी, हे कुटुंबाला उमगणे अधिक महत्त्वाचे असते.

तातडी असते ती उपचाराची. चेहरा एका बाजूस वाकडा होणे, हात लुळा पडणे, बोबडी वळणे ही लक्षणे दिसताच १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. मेंदूतील रक्ताच्या गुठळीमुळे अर्धांगवायू झाला असल्यास ती विरघळविणारे औषध साधारणतः साडेचार तासांच्या आत द्यावे लागते व त्यापूर्वी सीटी स्कॅन करावा लागतो. घरगुती उपायांत गेलेला वेळ परत मिळत नाही.

थांबवावयाचे असतात ते मागे न फिरणारे निर्णय. दुभती जनावरे विकणे, जमीन गहाण टाकणे, मुलीची शाळा सोडविणे हे निर्णय भीतीपोटी पहिल्या दोन दिवसांतच घेतले जातात. त्याआधी शिधापत्रिका, आधारपत्र व उत्पन्नाचा दाखला घेऊन रुग्णालयातील समाजसेवा कक्षात चौकशी करावी. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी योजना प्रथम ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत सोलापूर होते. तीच योजना २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते. याखेरीज, मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार २००६ पासून लागू झालेल्या योजनेप्रमाणे धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत व १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दराने राखून ठेवावयाच्या असतात.

खरी कसोटी घरी परतल्यावर लागते. भेटावयास येणारे पाहुणे ओसरतात. व्यायाम, औषधे व शुश्रूषा मात्र रोजच असतात. अर्धांगवायूनंतर पहिल्या काही महिन्यांत सुधारणेचा वेग अधिक असतो, म्हणून व्यायामात खंड पडू देऊ नये. शुश्रूषेचा सारा भार एकट्या पत्नीवर वा सुनेवर न टाकता तो वाटून घ्यावा. रुग्णासही झेपेल ते काम व घरच्या निर्णयांत स्थान द्यावे.

बदललेले आयुष्य म्हणजे संपलेले आयुष्य नव्हे. कोल्हापूरच्या श्रीमती नसीमा हुरजूक यांच्या कमरेखालील शरीराची शक्ती ऐन किशोरवयात गेली. स्वतः अपंग असलेल्या बाबूकाका दिवाण यांच्यामुळे त्यांना उभारी मिळाली. पुढे त्यांनी सरकारी नोकरी केली आणि १९८४ साली अपंगांसाठी ‘हेल्पर्स ऑफ द हॅण्डिकॅप्ड’ ही संस्था उभी केली. एकाने दिलेला आधार असा अनेकांपर्यंत पोहोचला.

आमच्या देणगीदारांना आम्ही एवढेच निवेदन करू इच्छितो की, आपण दिलेल्या साहाय्यातून एखाद्याचे देयक भागते, तेव्हा त्या घरातील गाय दावणीला राहते व मुलगी शाळेत राहते. ताळेबंदात या गोष्टींसाठी रकाना नसतो. म्हणून त्या येथे कृतज्ञतापूर्वक नमूद करीत आहोत.