निळी रेषा, लाल रेषा आणि तुमच्या घराचं जोतं

घर बांधताना आपण जोत्याची उंची कशी ठरवतो? बहुतेक वेळा शेजाऱ्याकडे बघून. त्याचं दोन फूट, तर आपलं अडीच फूट. रस्त्यापेक्षा वर आलं म्हणजे झालं. पण वैनगंगा, बाघ किंवा पांगोलीच्या आसपास तुमची जागा असेल, तर जोत्याच्या उंचीचा एक सरकारी नियम आहे आणि त्या नियमामागे थोडं गणित आहे. माझं संशोधन याच गणिताशी संबंधित आहे, म्हणून आज ते सोपं करून सांगतो.

दोन रेषा म्हणजे काय?

महाराष्ट्रात पाटबंधारे खात्याच्या 1989 च्या परिपत्रकापासून नदीकाठच्या जमिनीसाठी दोन रेषा वापरल्या जातात. पहिली निळी रेषा. सरासरी 25 वर्षांतून एकदा येणारा पूर, किंवा नदीपात्रात मावणाऱ्या पाण्याच्या दीडपट विसर्ग, यांपैकी जो जास्त असेल त्याचं पाणी जिथवर पोचतं ती ही रेषा. दुसरी लाल रेषा, 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदीवर धरण असेल तर सांडव्यातून सुटणारं पाणीही हिशोबात घ्यावं लागतं.

नदी आणि निळी रेषा यांमधला पट्टा निषिद्ध. तिथे बाग, मोकळं मैदान, वाहनतळ, स्मशानभूमी असे उपयोग चालतात. नवीन घर चालत नाही. निळ्या आणि लाल रेषेच्या मधला पट्टा नियंत्रित. तिथे घर बांधता येतं, पण अटीवर.

ती अट ‘एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली’त आहे. बांधकामवाले तिला ‘यूडीसीपीआर’ म्हणतात. डिसेंबर 2020 मध्ये ती लागू झाली आणि काही मोजके अपवाद सोडले तर राज्यभर एकच नियमावली आली. तिच्यानुसार नियंत्रित पट्ट्यात जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान 0.45 मीटर, म्हणजे साधारण दीड फूट, वर पाहिजे. इथे नीट लक्ष द्या. दीड फूट जमिनीपासून नाही, लाल रेषेच्या पातळीपासून मोजायचं आहे. तुमचा प्लॉट त्या पातळीच्या चार फूट खाली असेल, तर जोतं साडेपाच फूट होतं. भराव, दगड, पायऱ्या सगळ्याचा खर्च तिथेच वाढतो. म्हणून प्लॉट घेण्याआधीच हे विचारायला हवं.

‘शंभर वर्षांचा पूर’ हा शब्द फसवा आहे

ऐकणाऱ्याला वाटतं, 2020 मध्ये मोठा पूर येऊन गेला, आता पुढची कित्येक वर्षं काळजी नाही. तसं नसतं. त्याचा खरा अर्थ एवढाच, की कोणत्याही एका वर्षी असा पूर येण्याची शक्यता 1 टक्का आहे. यावर्षी आला तरी पुढच्या वर्षी शक्यता पुन्हा 1 टक्काच. नदी हिशोब लक्षात ठेवत नाही.

आता घराचं आयुष्य 30 वर्षं धरा. एका वर्षी पूर न येण्याची शक्यता 0.99. ही संख्या तीस वेळा गुणली की येतं साधारण 0.74. म्हणजे 30 वर्षांत किमान एकदा लाल रेषेपर्यंत पाणी येण्याची शक्यता 26 टक्के, चारात एक. निळ्या रेषेसाठी हेच केलं तर शक्यता 70 टक्क्यांच्या वर जाते. निळ्या रेषेच्या आत घर बांधणारा माणूस नाणेफेकीपेक्षाही वाईट डाव खेळत असतो.

मग रेषा सरकते कशी?

‘मागच्या नकाशात आमचं घर बाहेर होतं, आता आत कसं?’ ही तक्रार रास्त आहे. पूररेषा सातबाऱ्यावरच्या हद्दीसारखी नाही. तो एक अंदाज आहे आणि माहिती बदलली की अंदाजही बदलतो.

पहिलं कारण नोंदी. 100 वर्षांच्या पुराचा अंदाज करायला आपल्याकडे बहुधा काही दशकांच्याच नोंदी असतात. दरवर्षीचा सर्वांत मोठा विसर्ग घेतात, त्यावर संख्याशास्त्रातलं एक वितरण बसवतात (गुम्बेल नावाच्या गणितज्ञाचं वितरण त्यात फार वापरतात) आणि वक्र पुढे वाढवतात. नोंदी कमी असल्या, की एकच मोठं वर्ष सगळा वक्र वर उचलतं. ऑगस्ट 2020 च्या अखेरीस मध्य प्रदेशात प्रचंड पाऊस झाला, सिवनी जिल्ह्यातल्या संजय सरोवरातून पाणी सुटलं आणि गोंदिया, भंडाऱ्यापासून चंद्रपूर, गडचिरोलीपर्यंत वैनगंगेने काठ सोडला. असं एक वर्ष यादीत आलं की जुना आकडा तसाच ठेवता येत नाही.

दुसरं कारण नदी स्वतः. रेती उपसली, गाळ साचला, नवा पूल किंवा बंधारा झाला, की तेवढ्याच विसर्गाला पाण्याची पातळी वेगळी येते. शिवाय आपल्याकडे संगमाचा प्रश्न आहे. वैनगंगा भरून वाहत असली की बाघेच्या पाण्याला पुढे वाट मिळत नाही; ते मागे फुगतं. यालाच फुगवटा म्हणतात. म्हणून बिरसोला, काटीकडच्या माणसाने फक्त आपल्या गावचा पाऊस बघून चालत नाही.

तिसरं कारण पाऊस. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये दाखवलं, की 1950 ते 2015 या काळात मध्य भारतात दूरवर पसरलेल्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. वक्र बसवताना आपण गृहीत धरतो की उद्याचा पाऊस कालच्यासारखाच असेल. ते गृहीतकच आता डळमळीत झालंय.

आणि आपली जमीन सपाट, सगळ्या धानाच्या बांध्या. समजा उतार हजार मीटरला एक मीटर आहे. तिथे पुराची पातळी फक्त वीतभर वाढली, तर रेषा जमिनीवर दोनशे मीटरच्या पुढे सरकते. अख्खी वस्ती तेवढ्यात आत येते.

रेषा आखली की माणसांचं काय?

हा प्रश्न गणिताबाहेरचा आहे, पण टाळता येत नाही. केंद्राने पूरमैदानाच्या विभागणीचा नमुना कायदा 1975 मध्येच राज्यांना पाठवला. मणिपूर, राजस्थान, उत्तराखंड अशा मोजक्याच राज्यांनी तसा कायदा केला. कारण उघड आहे. रेषा आली की जमिनीची किंमत पडते, कर्ज अडतं, परवानगी अडते. जुलै 2021 च्या पुरानंतर चिपळूणच्या लोकांनी पूररेषांना विरोध केला, तो यासाठीच. त्यांचं म्हणणं समजतं. पण रेषा पुसल्याने पाणी थांबत नाही, फक्त घर घेणाऱ्याला ते कळत नाही. ज्याच्या मातीच्या भिंती आणि कवेलूचं छप्पर आहे, त्याला सर्वांत जास्त कळायला हवं, आणि त्याच्याचपर्यंत नकाशा सर्वांत शेवटी पोचतो.

तुम्ही काय करायचं?

एक, नगर परिषदेत किंवा नगररचना कार्यालयात विचारा, की तुमच्या गट नंबरवर पूररेषा आहे का आणि नकाशा कोणत्या वर्षाचा आहे. तारीख नसलेला नकाशा अर्धाच उपयोगी.

दोन, पाटबंधारे कार्यालयाकडून लाल रेषेची पातळी आकड्यात मागा. समुद्रसपाटीपासून इतके मीटर, अशी. मग सर्वेअरकडून प्लॉटची पातळी काढून घ्या. दोन आकड्यांची वजाबाकी केली की जोतं किती लागेल ते कळतं.

तीन, नियमावलीत 2020 नंतरही दुरुस्त्या झाल्या आहेत. छापील जुन्या पुस्तकावर विसंबू नका. नगररचना विभागाच्या संकेतस्थळावरची ताजी प्रत बघा.

चार, रेषा आखलीच नसेल, तर धोका नाही असं समजू नका. गावातल्या म्हाताऱ्यांना विचारा, 2020 मध्ये आणि त्याआधी पाणी कुठल्या झाडापर्यंत, कुठल्या मंदिराच्या पायरीपर्यंत आलं होतं. ती खूण सर्वेअरला दाखवा आणि जोतं तिच्या वर ठेवा. पुराची खूण हासुद्धा डेटाच आहे. आमच्यासारखे अभ्यासकही मोजणीयंत्र नसलेल्या ठिकाणी तीच शोधत फिरतात.