आडनाव : घराण्याची पहिली वही

पनवेलसारख्या जुन्या बाजारपेठेत आपण माणसाला त्याच्या आडनावाने ओळखतो. ‘कोठारींच्या पेढीवर जाऊन ये,’ एवढे सांगितले तरी पुरते. परंतु या नावांचा अर्थ काय, असे घरातल्या मुलाने विचारले, तर आपल्यापैकी किती जण उत्तर देऊ शकतील?

कोठारी म्हणजे कोठाराची व्यवस्था पाहणारा, भंडारी म्हणजे भांडाराचा रक्षक, मेहता म्हणजे हिशेबनीस, पारेख म्हणजे नाण्यांची पारख करणारा. संघवी हे नाव मात्र व्यवसायातून आलेले नाही. स्वखर्चाने श्रावकांचा संघ तीर्थयात्रेस नेणाऱ्या संघपतीचा तो मान आहे. ‘दोशी’ या नावावरून शाळेत मुलांची थट्टा होते. वस्तुतः त्याचा ‘दोषा’शी काही संबंध नाही. वस्त्र या अर्थाच्या ‘दूष्य’ शब्दावरून आलेले हे कापड-व्यापाऱ्याचे नाव आहे. अर्थ ठाऊक असता, तर मूल खाली मान घालून घरी आले नसते.

ही रीत केवळ आपलीच नव्हे. दूरच्या हॉलंडमध्ये नेपोलियनच्या 1811 च्या फर्मानाने प्रत्येक कुटुंबाला आडनाव नोंदविणे सक्तीचे झाले. तेथील ‘बाकर’ म्हणजे पाव भाजणारा, ‘फिसर’ म्हणजे मासेमार. ‘फान’ म्हणजे अमुक ठिकाणचा; आपल्या कोकणात तेच काम ‘कर’ करतो. पेणकर, रोहेकर, पनवेलकर ही नावे पाहा. कोकणातील बेने इस्रायली कुटुंबांनीही गावावरून अशीच आडनावे घेतली. ‘यानसन’ म्हणजे यानचा मुलगा. आपल्याकडेही पित्याच्या नावाचा मान असा मोठा, की सोलापूरच्या दोशी घराण्यात 1882 साली जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद पित्याच्या नावानेच जगाला परिचित झाले.

आज अनेक कुटुंबे कुळाचे आडनाव सोडून केवळ ‘जैन’ असे लिहितात. धर्माचा अभिमान योग्यच आहे. जनगणनेत धर्माच्या रकान्यात ‘जैन’ अवश्य लिहावे. परंतु आडनावाच्या रकान्यात कुळाचेच नाव असावे. ‘जैन’ या शब्दातून आपली श्रद्धा कळते. पूर्वज कोणत्या गावचे, त्यांनी कोणता उद्योग केला, हे त्यातून कळत नाही. दोन पिढ्या ते नाव लिहिले गेले नाही, तर तिसऱ्या पिढीला ते सांगणारा कोणी उरत नाही.

येत्या दीपावलीस वहीपूजनाच्या वेळी घरातील वडीलधाऱ्यांना जवळ बसवावे. आडनाव, गोत्र, मूळ गाव आणि पहिला व्यवसाय या चार गोष्टी त्यांना विचारून, वीर निर्वाण संवतासह नव्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवाव्यात. जमाखर्चाच्या वह्या कालांतराने रद्दीत जातात. हे पान मात्र नातवंडांसाठी जपून ठेवावे.