बॉर्ग : तुकड्यांतून पुन्हा उभा राहणारा सर्व्हर

एखाद्या लिनक्स सर्व्हरवर ५०० जीबी डेटा आहे असं धरा. पहिल्या रात्रीचा बॅकअप पहाटेपर्यंत चालतो. दुसऱ्या रात्री तेच काम काही मिनिटांत उरकतं आणि बॅकअपच्या डिस्कवर जागा जाते ती दिवसभरात बदललेल्या डेटापुरतीच. तरी दुसऱ्या रात्रीची प्रत अपुरी नसते. पहिली काढून टाकली तरी दुसरीतून सगळाच्या सगळा सर्व्हर परत उभा करता येतो. बॉर्गबॅकअप हा ओपन सोर्स प्रोग्रॅम हे करतो. तो कोणीही फुकट घ्यावा, उघडून वाचावा, हवा तसा बदलावा. त्याच्या पोटात जे गणित चालतं ते इतकं देखणं आहे की सर्व्हरशी काही संबंध नसलेल्यानेही एकदा समजून घ्यावं.

अडचण कुठे आहे ते आधी पाहू. फाइलचे सारख्या मापाचे तुकडे पाडावेत, प्रत्येकाचा ठसा, म्हणजे त्यातल्या मजकुरावरून निघणारा ओळखीचा आकडा, काढावा आणि जो ठसा आधी पाहिलेला नाही तेवढाच तुकडा साठवावा, ही कल्पना कोणालाही सुचेल. पण फाइलच्या अगदी सुरुवातीला एक अक्षर वाढलं तर? रांगेत पुढे कोणी घुसला की मागचे सगळे एकेक जागा मागे सरकतात, तसा सगळा मजकूर एका बाइटने सरकतो. मजकूर तोच, पण एकही तुकडा कालच्या तुकड्याशी जुळत नाही, आणि १० जीबीची फाइल एका अक्षरासाठी पुन्हा साठवावी लागते.

यावरचा एक तोडगा ऑस्ट्रेलियात निघाला. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी जून १९९६मध्ये आरसिंक हा फाइली पाठवण्याचा प्रोग्रॅम जाहीर केला. मोडेमच्या संथ जोडणीवरून फाइल पाठवण्याचे ते दिवस होते, त्यामुळे दोन्ही टोकांना जे सारखं आहे ते पुन्हा पाठवू नये याची निकड मोठी होती. ट्रिजेल यांनी सरकती बेरीज वापरली. मजकुरावर एक खिडकी ठेवायची, तिच्यात दिसणाऱ्या बाइट्सचा मिळून एक आकडा काढायचा आणि खिडकी एक घर पुढे न्यायची. नवा आकडा काढायला सगळं पुन्हा मोजावं लागत नाही. बाहेर गेलेला बाइट वजा करायचा, आत आलेला मिळवायचा, संपलं. त्यामुळे फाइलच्या प्रत्येक घरावर थांबून तपासणी करणंही परवडतं. १९९९च्या आपल्या पीएचडी प्रबंधात त्यांनी ही पद्धत सविस्तर मांडली.

बॉर्ग हीच सरकती खिडकी घेतो, पण तिच्याकडून वेगळं काम करून घेतो. तुकडा कुठे कापायचा हे तो मजकुरालाच ठरवू देतो. खिडकी ४,०९५ बाइटची. ती पुढे सरकते, प्रत्येक घरावर एक आकडा निघतो, आणि त्या आकड्याचे शेवटचे २१ बिट शून्य आले की तिथे काप. असं घडण्याची शक्यता २०,९७,१५२मध्ये एक, म्हणून तुकडे सरासरी दोन एमबीच्या आसपास पडतात. फार बारीक किंवा फार मोठे होऊ नयेत यासाठी किमान अर्ध्या आणि कमाल आठ एमबीची मर्यादा घातलेली असते. आता फाइलच्या सुरुवातीला एक अक्षर वाढवून पाहा. पहिला तुकडा बदलतो. पण कापाची पुढची जागा तिच्या आसपासच्या मजकुरावरून ठरलेली आहे, फाइलच्या सुरुवातीपासूनच्या अंतरावरून नाही. त्यामुळे पुढचे काप जिथल्या तिथे सापडतात, आणि १० जीबीच्या फाइलसाठी साधारण एखादाच नवा तुकडा साठवावा लागतो.

यातली एक बारीक गोष्ट मला फार मोलाची वाटते. तुकडे कूटबद्ध करून साठवले तरी त्यांची मापं लपत नाहीत. एखादी सर्वांना ठाऊक असलेली फाइल कापली की कोणत्या मापाचे तुकडे पडतात हे बाहेरच्याला आधी मोजता आलं, तर ती फाइल तुमच्याकडे आहे की नाही हे त्याला कुलूप न उघडताच ओळखता येईल. म्हणून सरकत्या बेरजेच्या तक्त्यातच प्रत्येक साठ्यासाठी वेगळं गुपित मिसळलेलं असतं. एकच फाइल दोन जणांच्या साठ्यांत वेगवेगळ्या ठिकाणी कापली जाते.

हा प्रोग्रॅम एका माणसाचा नाही. योनास बोर्गस्ट्रॉम यांनी ॲटिक या नावाने तो सुरू केला. २०१५मध्ये त्याची वेगळी शाखा निघून तिचं बॉर्ग झालं, आणि थॉमस वाल्डमान यांच्या पुढाकाराने ती वाढली. पण लिहिलेला प्रोग्रॅम आणि सर्व्हरवर चालणारा प्रोग्रॅम यांच्या मधे आणखी एक माणूस असतो, आणि त्याच्याबद्दल फार कमी लिहिलं जातं. तो म्हणजे पॅकेज बांधणारा.

डेबियन या लिनक्सवर एका ओळीची आज्ञा दिली की बॉर्ग बसतो. त्या एका ओळीमागे बरंच काम असतं. बॉर्गचा मोठा भाग पायथनमध्ये आहे, वेगाचा भाग सी आणि सायथनमध्ये. कूटबद्धतेसाठी त्याला ओपनएसएसएल लागतं, डेटा दाबण्यासाठी एलझेडफोर आणि झेडस्टँडर्ड. पॅकेज बांधणारा यांच्या खासगी प्रती बॉर्गसोबत पाठवत नाही. तो बॉर्गला सर्व्हरवर आधीपासून असलेल्या लायब्ररींशी जोडतो. उद्या ओपनएसएसएलमध्ये भोक सापडलं तर ती एक लायब्ररी दुरुस्त होते आणि तिच्यावर चालणारं सगळंच सुरक्षित होतं. शिवाय निरनिराळ्या प्रोसेसरांसाठी बांधणी करायची, चाचण्या चालवून पाहायच्या, कशाला काय लागतं हे कंट्रोल फाइलमध्ये नोंदवायचं. ही मंडळी बहुतांशी स्वयंसेवक आहेत.

डेबियनचा आणखी एक नियम ॲडमिनच्या बाजूने उभा राहतो. पॅकेजने कॉन्फिगरेशन म्हणून नोंदवलेल्या ज्या फाइलमध्ये तुम्ही हात घातला आहे, ती अपडेटच्या वेळी परस्पर पुसली जात नाही. पॅकेजसोबत त्या फाइलची नवी आवृत्ती आली असेल तर पॅकेज बसवणारं डीपीकेजी तिथेच थांबतं, दोन्हींतला फरक दाखवायची तयारी ठेवतं आणि विचारतं, कोणती ठेवू? नुसतं एंटर दाबलं तर तुमची राहते.

मात्र फाइल तशीच राहिली म्हणजे तिचा अर्थही तसाच राहिला असं नाही. डेबियन ११मध्ये बॉर्गची १.१ मालिका होती. तिथे जुन्या प्रती छाटण्याची प्रून ही आज्ञा दिली की जागाही मोकळी होई. डेबियन १२मध्ये १.२ मालिका आली आणि ही दोन कामं वेगळी झाली. प्रून आता फक्त नोंद काढतो. डिस्कवरची जागा सुटण्यासाठी कॉम्पॅक्ट ही दुसरी आज्ञा द्यावी लागते. बदल योग्य होता आणि नीट लिहूनही ठेवलेला होता. तरी जुनी स्क्रिप्ट जशीच्या तशी चालू राहिली तर ती कोणतीही चूक न दाखवता रोज यशस्वी होते, आणि साठा महिनोन्‌महिने फुगत जातो.

आवृत्तीचा असा सांधा निखळला की काय होतं याचं सर्वांत मोकळेपणाने सांगितलेलं उदाहरण प्रोग्रॅमचा कोड साठवणाऱ्या गिटलॅब या कंपनीचं आहे. ३१ जानेवारी २०१७च्या रात्री दुय्यम डेटाबेसची डिरेक्टरी रिकामी करायची होती, पण एका इंजिनिअरकडून मुख्य सर्व्हरवरची पुसली गेली. चूक लक्षात येऊन थांबेपर्यंत सुमारे ३०० जीबी गेले होते. रोजचा बॅकअप शोधला तर ठेवायची जागा रिकामी. डेटाबेस होता पोस्टग्रेस ९.६, आणि बॅकअपची आज्ञा चालत होती ९.२ची. कोणती आवृत्ती वापरायची हे पॅकेज डेटाच्या डिरेक्टरीतली एक फाइल पाहून ठरवत असे. बॅकअपची आज्ञा ज्या सर्व्हरवर चाले तिथे ती डिरेक्टरीच नव्हती, म्हणून ते मुकाट ९.२वर गेलं. आवृत्ती जुळली नाही, आज्ञा दर वेळी फसली. फसल्याचे ईमेलही निघत होते, पण त्यांवर योग्य सही नसल्यामुळे ते स्वीकारले जात नव्हते. सुदैवाने कोणीतरी दुसऱ्या कामासाठी सुमारे सहा तास आधी डिस्कचा स्नॅपशॉट घेतला होता, त्यावरून सेवा परत आली. मधल्या तासांतल्या सुमारे ५,००० प्रकल्पांच्या नोंदी, तितकेच अभिप्राय आणि ७०० नवी खाती गेली. कंपनीने दुरुस्तीचं काम यूट्यूबवर थेट दाखवलं आणि सगळी कारणं तपशिलात छापली. त्या अहवालाचा उपयोग आजही होतो, आणि असा उघडेपणा दाखवल्याबद्दल त्यांचे आभार मानले पाहिजेत.

म्हणून कॉन्फिगरेशनमध्ये लक्ष द्यायच्या जागा ठरलेल्या आहेत. चालू डेटाबेसच्या फाइली नुसत्या उचलून चालत नाहीत, कारण वाचता वाचता त्या बदलत असतात. आधी डेटाबेसकडूनच डंप घ्यायचा. बॉर्गमॅटिक या जोडप्रोग्रॅममध्ये हे, किती रोजच्या, आठवड्याच्या आणि महिन्याच्या प्रती ठेवायच्या ते, आणि बॅकअप फसला तर कळवायचं कुठे ते, एकाच फाइलमध्ये लिहिता येतं. वेळापत्रकासाठी सिस्टमडीचा टायमर घेतला तर त्यात पर्सिस्टंट हा पर्याय चालू करावा. त्यामुळे ठरल्या वेळी सर्व्हर बंद असला तर चुकलेला बॅकअप तो सुरू झाल्याबरोबर निघतो.

सर्व्हर फोडणारा माणूस आधी बॅकअप पुसायला जातो, हेही गृहीत धरायला हवं. त्यासाठी बॅकअपच्या मशीनवर त्या सर्व्हरच्या एसएसएच किल्लीला बॉर्गची एकच आज्ञा, तीही फक्त भर घालण्याच्या परवानगीपुरती बांधून देतात. मग घुसखोराने पुसायची आज्ञा दिली तरी डेटा साठ्यात राहतो. गोम अशी की पुढे पूर्ण अधिकार असलेल्या कोणीही न पाहता कॉम्पॅक्ट चालवला तर ते पुसणं पक्कं होतं. त्या आज्ञेआधी प्रतींची यादी डोळ्यांखालून घातलीच पाहिजे.

तपासणीसाठी बॉर्गची चेक ही आज्ञा आहे, पण खरी परीक्षा रिस्टोअरची. मोकळ्या मशीनवर प्रत उतरवायची, डेटाबेस सुरू करायचा, ताज्या नोंदी आहेत का ते पाहायचं. वर्षातून काही वेळा तरी हे करावं, आणि करताना किल्लीही जुन्या सर्व्हरवरून न घेता बाहेरूनच आणावी. किल्ली सर्व्हरवरच ठेवायचा प्रकार निवडला असेल तर सर्व्हरसोबत तीही जाते, मग बॅकअप शाबूत असून निरुपयोगी. बॉर्गला ही किल्ली कागदावर छापता येते. छापलेल्या प्रत्येक ओळीच्या शेवटी पडताळणीचे आकडे असतात, त्यामुळे हाताने परत टाइप करताना चूक झाली तर ती त्याच ओळीवर पकडली जाते. कागदावरही किल्ली पासफ्रेजने बंदच असते, तेव्हा पासफ्रेज त्या कागदापासून वेगळ्या जागी ठेवावा.