एक्सप्लेनर : डॉक्टरच सिगारेट ओढत असेल, तर रुग्णाला 'सोडा' कोण सांगणार?

बेलापूर (जि. अहिल्यानगर) : समजा, बेलापूरसारख्या गावातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात एक इंटर्न ओपीडीत बसला आहे. रक्तदाब तपासायला आलेल्या काकांना तो विचारतो, "बिडी-सिगारेट ओढता का?" काका म्हणतात, "नाही." खिशात मात्र तंबाखूची पुडी आणि चुन्याची डबी असते. विषय तिथेच संपतो.

आणि तो इंटर्न स्वतःच टपरीवर सिगारेट संपवून आला असेल, तर? कदाचित हा प्रश्नही विचारला जाणार नाही. भावी डॉक्टरांचं धूम्रपान हा त्यांचा खासगी मामला राहत नाही, तो यामुळेच.

सगळं माहीत असून का ओढतात?

माहितीची कमतरता नसते. फुफ्फुसाचा कर्करोग, हृदयविकार, सीओपीडी हे सगळं अभ्यासक्रमातच असतं. पण घरापासून दूर हॉस्टेल, सिनिअर्सची संगत, परीक्षांचा ताण आणि रात्रपाळ्या यांतून सवय लागते.

त्यात निकोटिनचा एक सापळा आहे. ते काही सेकंदांत मेंदूत पोहोचतं आणि रक्तातलं त्याचं प्रमाण साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं. मग बेचैनी सुरू होते आणि पुढची सिगारेट ती शमवते. 'टेन्शन कमी झालं' असं वाटतं, त्यातलं बरंचसं टेन्शन आधीच्या सिगारेटनेच दिलेलं असतं.

डॉक्टरांनी स्वतःवरच अभ्यास करून घेतला

१९५१ मध्ये रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी ब्रिटनमधल्या डॉक्टरांना त्यांच्या धूम्रपानाबद्दल प्रश्नावली पाठवली. उत्तर देणाऱ्यांपैकी ३४,४३९ पुरुष डॉक्टरांचा मागोवा पुढची ५० वर्षं घेतला गेला. २००४ मध्ये निष्कर्ष आला : कायम सिगारेट ओढणारे सरासरी १० वर्षं आधी गेले.

मात्र सोडणाऱ्यांचा फायदा झाला. साठीत सोडणाऱ्यांची सुमारे ३, पन्नाशीत ६, चाळिशीत ९, तर तिशीत सोडणाऱ्यांची जवळपास १० वर्षं वाचली. एमबीबीएस किंवा एमडी करणारे बहुतेक जण तिशीच्या आतबाहेरच असतात. म्हणजे सोडल्याचा सर्वाधिक फायदा त्यांनाच.

रुग्णाचं काय नुकसान?

स्वतः ओढणारे डॉक्टर रुग्णाला सोडण्याचा सल्ला तुलनेने कमी देतात, असं अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसलं आहे. २००५ पासून जागतिक आरोग्य संघटना आणि अमेरिकेच्या सीडीसीने तिसऱ्या वर्षाच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांची पाहणी सुरू केली. त्यात बहुतेक देशांत एकच चित्र दिसलं. तंबाखू सोडवण्याचं प्रशिक्षण हवं, असं बहुसंख्य विद्यार्थी म्हणतात. ते मिळालेले मात्र थोडे असतात.

महाराष्ट्रात प्रश्नच चुकतो?

२०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणातले (गॅट्स-२) आकडे पाहा :

• महाराष्ट्रात तंबाखूचं कुठल्याही स्वरूपात सेवन करणारे प्रौढ : २६.६ टक्के
• धूम्रपान करणारे : ३.८ टक्के
• धूरविरहित तंबाखू घेणारे : २४.४ टक्के

काही जण दोन्ही घेतात, म्हणून बेरीज जास्त भरते. सोप्या हिशोबाने, १०० प्रौढांत ओढणारे ४, तर तंबाखू मळणारे, मिश्री लावणारे वगैरे २४. 'ओढता का?' एवढंच विचारलं, तर यातले बहुतेक सुटतात. याच सर्वेक्षणात देशभरातल्या चित्रातही हा फरक दिसतो. डॉक्टर वा आरोग्य कर्मचाऱ्याकडे गेलेल्या धूम्रपान करणाऱ्यांपैकी ४८.८ टक्क्यांना सोडण्याचा सल्ला मिळाला. धूरविरहित तंबाखू घेणाऱ्यांपैकी फक्त ३१.७ टक्क्यांना.

प्रवरेच्या खोऱ्यात हे जास्त जवळचं आहे. वरच्या अंगाला संगमनेर तंबाखू आणि बिडीसाठी ओळखलं जातं. लोणीत १९८४ पासून ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. खाली बेलापूर. तंबाखू आणि डॉक्टर, दोन्ही एकाच नदीच्या आसपास तयार होतात.

मग विचारायचं कसं?

जगभर वापरली जाणारी पद्धत पाच पायऱ्यांची आहे :

१. प्रत्येक रुग्णाला विचारा : तंबाखू कुठल्या स्वरूपात घेता? मिश्री लावता?
२. सोडण्याचा स्पष्ट सल्ला द्या.
३. रुग्णाची तयारी किती आहे, ते पाहा.
४. मदत करा : सोडण्याची तारीख ठरवा, गरजेनुसार निकोटिन गम किंवा पॅच सुचवा.
५. पुढच्या भेटीत पुन्हा विचारा.

पहिल्या दोन पायऱ्यांना दोन-तीन मिनिटं पुरतात.

कायदा काय सांगतो?

• रुग्णालयासह सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला बंदी, २०० रुपयांपर्यंत दंड.
• शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांच्या (सुमारे ९१ मीटर) आत तंबाखूविक्रीला बंदी. वैद्यकीय महाविद्यालयही त्यात आलं.
• ई-सिगारेटवर २०१९ पासून देशभर बंदी.

सोडायची असेल तर...

शेवटच्या सिगारेटनंतर २० मिनिटांत हृदयाचे ठोके कमी होऊ लागतात. पहिले काही दिवस चिडचिड, झोप बिघडणं असे त्रास होतात. काही आठवड्यांत ते ओसरतात. राष्ट्रीय क्विटलाइनचा टोल-फ्री क्रमांक १८००-११-२३५६ आहे. हाच क्रमांक तंबाखूच्या पाकिटांवरही छापलेला असतो.

तो रुग्णांसाठी आहे, तसाच डॉक्टरांसाठीही. सवय सोडलेला इंटर्न त्या काकांसमोर बसला, तर पुस्तकातलं नाही, अनुभवाचं सांगू शकेल. फक्त खिशातल्या पुडीबद्दल विचारायला विसरता कामा नये.