संगणकाचे घड्याळ का चुकते?

वीजपुरवठा बंद असतानाही संगणकातील घड्याळ चालू असते. त्यातील क्वार्ट्‌झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. ही कंपने मोजून वेळ ठरविली जाते. मेजावरील बहुतेक संगणकांत त्यासाठी नाण्याच्या आकाराचा ३ व्होल्टचा लिथियम विद्युत्घट असतो.

घड्याळ चुकू लागल्यास प्रथम चूक किती, हे पाहावे. कारणाचा माग तिच्यातच असतो. संगणक सुरू करताच कित्येक वर्षांपूर्वीचा दिनांक दिसला, तर घट बहुधा क्षीण झालेला असतो, तो बदलावा. फरक नेमका साडेपाच तासांचा असेल, तर भारतीय प्रमाणवेळ व जागतिक प्रमाणवेळ यांची गल्लत झालेली असते. कालविभागाची नोंद तपासावी. रोज काही सेकंदांचाच फरक पडत असेल, तर तापमानानुसार स्फटिकाची कंपने बदलतात, हे त्याचे एक कारण होय. अशा वेळी नवी दिल्लीतील राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या प्रमाणवेळेशी इंटरनेटद्वारे घड्याळाचा मेळ घालता येतो.

ही चूक क्षुल्लक नव्हे. सुरक्षित संकेतस्थळांच्या प्रमाणपत्रांना ठरावीक मुदत असते. दिनांक चुकला, की संगणक खऱ्या संकेतस्थळावरही अविश्वास दाखवितो.