गोलरक्षकाची खरी ताकद उभे राहण्याच्या जागेत

आंबागड (जि. भंडारा) : गोलरक्षक म्हटला की हवेत झेपावणारा खेळाडू डोळ्यांपुढे येतो. मात्र झेपेइतकेच महत्त्व उभे राहण्याच्या जागेला असते. गोलची रुंदी ७.३२ मीटर, तर उंची २.४४ मीटर असते. चेंडू समोर ११ मीटरवर असताना गोलरक्षक रेषेवरच थांबला, तर त्याला ही संपूर्ण रुंदी सांभाळावी लागते. तोच तीन मीटर पुढे आल्यास सांभाळायची रुंदी सुमारे ५.३ मीटर उरते. चेंडू बाजूला सरकताच त्यानेही सरकावे. फटक्याच्या क्षणी मात्र पाय स्थिर हवेत.

फार पुढे येणेही महागात पडते. २००२ च्या विश्वचषकात ब्राझीलच्या रोनाल्डिन्होची दूरवरून मारलेली फ्री किक पुढे आलेल्या इंग्लंडच्या डेव्हिड सीमनच्या डोक्यावरून गोलमध्ये गेली व इंग्लंड स्पर्धेबाहेर पडले.

आंबागडसारख्या गावात मैदान आखलेले नसले, तरी हा सराव अडत नाही. दोन्ही खांबांपासून चेंडूपर्यंत दोरी ताणावी, दोन्ही दोऱ्यांच्या मधोमध उभे राहून एकेक पाऊल पुढे यावे. अंतर कसे आकसते, हे दोरीच शिकवते.