जुन्या पेटीची पारख

महाडहून पोलादपूरकडे जाताना सावित्रीच्या खोऱ्यात जी गावे आणि वाड्या लागतात, त्यांपैकी जेथे देऊळ आहे आणि देवळाला भजनी मंडळ आहे, तेथे एखादी जुनी पेटी नाही असे क्वचितच घडते. आणि जेथे जुनी पेटी आहे, तेथे ती थेट पॅरिसची आहे असे छातीठोकपणे सांगणारा एक तरी गृहस्थ असतोच. कोणा चाकरमान्याने गिरणगावातून गणपतीच्या सुटीत ती आणलेली असते, कोठे ती वडिलोपार्जित म्हणून चार भावांच्या वाटणीत सापडलेली असते, तर कोठे सप्ताहाच्या वर्गणीतून उरलेल्या रकमेत ती कोणे एके काळी खरेदी झालेली असते. जोवर ती वाजते आहे तोवर तिच्या कुलशीलाची चौकशी कोणी करीत नाही. परंतु ती विकण्याचा, देणगी देण्याचा किंवा दुरुस्तीस पाठविण्याचा प्रसंग उद्भवला, की ही पेटी अस्सल कशावरून, असा प्रश्न उपस्थित होतो आणि ज्याचा आवाज मोठा त्याच्या मताप्रमाणे त्याचा निवाडा लागतो. वस्तुतः हा प्रश्न ज्या रीतीने विचारला जातो ती रीतच सदोष आहे. पेटीत लाकूड एका ठिकाणचे, सूर दुसऱ्या ठिकाणचे, भाता तिसऱ्या कारागिराचा आणि पट्ट्या आणखी कोणाच्या, अशी स्थिती पहिल्या दिवसापासूनच असू शकते. सबब संपूर्ण पेटीविषयी एकच होकार किंवा नकार देण्यापेक्षा तिच्या प्रत्येक अवयवाचा दाखला स्वतंत्रपणे तपासणे हेच पारखीचे खरे सूत्र होय.

या वाद्याचा पूर्वेतिहास थोडक्यात ध्यानी घेतला म्हणजे हे सूत्र पटावयास अडचण पडणार नाही. अलेक्झांद्र दबँ या पॅरिसच्या कारागिराने १८४० च्या सुमारास हार्मोनियमला तिचे नाव आणि रूप दिले. पायाने भाता हलवून वाजवावयाचे ते अवजड वाद्य गोऱ्या लोकांबरोबर हिंदुस्थानात आले, आणि कलकत्त्याचे द्वारकानाथ घोष यांनी १८७५ च्या सुमारास त्याचा भाता मागच्या बाजूस आणून, मांडी घालून बसणाऱ्या वादकाला एका हाताने वारा भरता येईल आणि दुसऱ्या हाताने सूर काढता येतील अशी व्यवस्था केली. महाराष्ट्रात १८८० साली ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आले, आणि त्यानंतर बहरलेल्या संगीत नाटकांनी पेटीला आणि पुढे ऑर्गनला जी प्रतिष्ठा दिली, तिला गोविंदराव टेंब्यांसारख्या व्यासंगी वादकांनी शास्त्रीय मैफलीतही अधिष्ठान मिळवून दिले. १९४० साली रेडिओवर पेटीला मज्जाव करण्यात आला आणि तो हुकूम १९७१ पर्यंत शिथिल झाला नाही. परंतु देवळाच्या सभामंडपात त्या हुकुमाचा अंमल कधीच पोहोचला नाही, आणि खेड्यापाड्यांतील भजनाला पेटीचा आधार अखंड मिळत राहिला.

या साऱ्या काळात लाकूडकाम आणि जोडणी येथे होत असली, तरी पेटीचा प्राण जे पितळी सूर, ते बहुधा फ्रान्स आणि जर्मनी येथून येत. पुढे महायुद्धाने आणि त्यानंतरच्या आयातीच्या निर्बंधांनी तो ओघ आटला, आणि गुजरातेतील पालिताणा येथे तयार होणाऱ्या सुरांनी त्यांची जागा घेतली. तेव्हा गावकरी जिला पॅरिसची पेटी म्हणतात, तिचे लाकूडकाम आणि जोडणी बहुधा याच देशातली असते. पॅरिसचे काही असलेच तर ते तिचे सूर असतात.

जुन्या वाद्याची अशी अवयवशः चौकशी करण्याचे शास्त्र आज सर्वांत काटेकोरपणे कोठे पाळले जात असेल, तर ते पाश्चात्य देशांतील जुन्या इलेक्ट्रिक गिटारींच्या बाजारात होय. गिबसन कंपनीने १९५८ ते १९६० या अल्पावधीत काढलेल्या ‘लेस पॉल’ गिटारी, अथवा फेंडर कंपनी १९६५ च्या आरंभी सीबीएस या प्रसारण कंपनीच्या ताब्यात जाण्यापूर्वी तयार झालेल्या ‘स्ट्रॅटोकास्टर’ गिटारी यांना जी प्रचंड किंमत येते, तिच्या लोभाने बनावट वस्तूही तितक्याच कौशल्याने तयार होतात. म्हणून तेथील जाणकार गिटारीच्या दर्शनी नावावर विश्वास न ठेवता ती उघडून पाहतो. आवाज लहानमोठा करणाऱ्या आतील भागावर एक क्रमांक उमटविलेला असतो. त्यातील पहिले तीन अंक कारखान्याची ओळख देतात आणि उरलेले अंक वर्ष व आठवडा सांगतात. १९६२ ची म्हणून विकावयास आलेल्या गिटारीत १९६६ चा भाग निघाला, तर तो भाग मागाहून बसविला असा निष्कर्ष अटळ ठरतो. तारांच्या सांध्यांवरील डाख पुन्हा वितळविला गेला आहे काय हे तो भिंगाने पाहतो, आणि अतिनील दिव्याखाली धरून जुन्या रोगणाची आभा सर्वत्र सारखी आहे, की मध्येच एखादा नवा थर निराळा उमटतो, याची खातरजमा करून घेतो. आपल्या पेटीत असा छापील क्रमांक सहसा सापडत नाही. तथापि दर्शनी नावापेक्षा आतील पुरावा श्रेष्ठ, हे त्या बाजारातील तत्त्व पेटीलाही जसेच्या तसे लागू पडते.

म्हणून पेटीवरील नावाची पट्टी हा सर्वांत दुबळा पुरावा समजावा. पुष्कळदा ते नाव घडविणाऱ्याचे नसून विकणाऱ्या दुकानाचे असते, आणि दोन खिळ्यांनी बसविलेली पट्टी ते दोन खिळे उपटून काढताही येते. पट्टीच्या भोवतालचे रोगण आणि पट्टीखालचे रोगण यांत वर्षानुवर्षांच्या धुळीचा व उजेडाचा फरक पडलेला असावयास हवा. तो नसेल तर पट्टी अलीकडची. त्यानंतर लाकूड पाहावे. जुन्या चांगल्या पेट्या बहुधा सागवानी असत. ज्या फळीच्या कडेवर एकावर एक चिकटविलेले पापुद्रे दिसतात ते प्लायवूड होय, आणि ते एखाद्या बाजूसच असेल तर ती बाजू मागाहून बदलली असे खुशाल समजावे. स्क्रू हे तर अत्यंत बोलके साक्षीदार आहेत: ज्यांच्या माथ्यावर अधिकाची खूण असते असे स्क्रू १९३० नंतरच्या दशकात अमेरिकेत प्रचारात आले, त्यामुळे पहिल्या महायुद्धापूर्वीच्या म्हणून सांगितलेल्या पेटीत ते आढळले, तर कोणाचा तरी हात तेथे फिरून गेला आहे. सांध्यांचीही तीच गत. जुने कारागीर सरस वापरीत. तो पिवळसर, काचेसारखा ठिसूळ असतो आणि गरम पाण्याने सुटतो. चिवट, पांढुरका किंवा रबरासारखा ताणला जाणारा थर दिसला, तर तो फेव्हिकॉलच्या जातीचा गोंद, आणि फेव्हिकॉल बाजारात आला तो १९५९ साली.

पट्ट्यांची झीज वाचता येणे ही यापुढची पायरी. भजनी मंडळाचा बुवा सहसा एकाच पट्टीत गातो, आणि त्यामुळे पेटीवर वर्षानुवर्षे त्याच त्या स्वरांवर बोटे पडत राहतात. काळी एक धरून गाणाऱ्या मंडळाच्या पेटीवर मधल्या सप्तकातील काही पट्ट्या खोलगट झालेल्या आणि टोकाच्या पट्ट्या जवळजवळ कोऱ्या, असे दृश्य दिसणे स्वाभाविक आहे. सर्व पट्ट्या सारख्याच जुनाट दिसत असतील, तर ते जुनेपण बोटांनी आणलेले नसून पॉलिशकागदाने आणलेले असण्याचा संभव अधिक. पट्ट्यांवरील आच्छादनात बारीक, असमान रेषांचे जाळे दिसले तर ते हस्तिदंत असू शकेल. आणि तसे असल्यास आनंदापूर्वी सावधगिरी बाळगावी, कारण १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातील नंतरच्या दुरुस्त्या यांनी हस्तिदंताच्या खरेदी-विक्रीस प्रतिबंध केलेला आहे.

आता सर्वांत महत्त्वाचा अवयव जो सूर, त्याच्याकडे वळू. वरचे झाकण काढून सुरांची पाटी बाहेर घेतली, म्हणजे पितळेच्या चौकटीवर एका टोकाला रिव्हेटने जखडलेली पितळेची जीभ दृष्टीस पडते. वारा आला की हीच जीभ चौकटीतील फटीतून खालीवर कंपित होते. एका संचातील साऱ्या सुरांचे पितळ एका रंगाचे, रिव्हेट एका घडणीचे आणि स्वराची अक्षरे कोरलेली असल्यास तीही एका ठशाची असावयास हवीत. खर्ज, नर आणि मादी असे निरनिराळे संच असतील, तर प्रत्येक संच वेगळा तपासावा. नर पॅरिसचा आणि खर्ज पालिताण्याचा, अशा मिश्र पेट्या कमी नाहीत. पाटीच्या लाकडावर सुरांच्या भोकांशेजारी बुजविलेली जुनी भोके दिसली, किंवा सध्याच्या सुराहून मोठ्या चौकटीचा काळपट ठसा खाली राहिलेला दिसला, तर मूळ संच काढून दुसरा बसविला गेला आहे याविषयी शंका उरत नाही. जिभेवरील कानशीच्या खुणाही पाहाव्यात: टोकाकडे घासली तर स्वर चढतो, रिव्हेटकडे घासली तर उतरतो. या खुणा असणे हा दोष मुळीच नव्हे, कारण पन्नास-साठ वर्षांत पेटी एकदाही मिळविली गेली नसेल तर ती गायनाच्या कामाचीच राहिली नसती. मात्र घासून घासून पातळ झालेली जीभ लवकरच मोडणार हे ध्यानात ठेवूनच किंमत ठरवावी.

येथे महाड-पोलादपूरचा निसर्ग पारखीच्या कामात स्वतःची साक्ष नोंदवितो, आणि शहरातील खरेदीदार नेमका तेथेच फसतो. वर्षाकाठी ३००० मिलिमीटरच्या घरात किंवा त्याहूनही अधिक पाऊस जेथे पडतो, तेथे आषाढ-श्रावणात लाकूड फुगते, पट्ट्या अडकतात, भात्याच्या कापडाला आणि चामड्याला बुरशी धरते आणि पितळेवर हिरवट थर चढतो. महाड शहर तर सावित्री आणि गांधारी यांच्या पुरात वारंवार सापडलेले. २००५ च्या आणि २०२१ च्या जुलै महिन्यांत जे पाणी घराघरांत शिरले, त्याने पेट्या, पखवाज, तंबोरे यांचीही गय केली नाही. पुराचे पाणी शिरलेल्या पेटीचे सरसाचे सांधे सुटतात, आणि गाळाची बारीक रेघ आतल्या कोपऱ्यांत व स्क्रूच्या खाचांत पुष्कळ वर्षे टिकून राहते. अशा मुलखात ऐंशी वर्षे राहिलेली पेटी मूळच्या भात्यासह, मूळच्या चामड्यासह आणि एकाही डागाविना समोर आली, तर तिच्या अस्सलपणाचे कौतुक करण्यापूर्वी ती येथे ऐंशी वर्षे होती काय, याचीच चौकशी करणे शहाणपणाचे. उलटपक्षी नवा भाता, दोनतीन बदललेल्या पट्ट्या, पुन्हा चिकटविलेला तळ आणि एकसंध जुने सूर अशी पेटी ही या मुलखाची खरी, प्रामाणिक आणि विश्वासार्ह जुनी पेटी होय.

म्हणून पेट्यांचे तीन वर्ग मानणे उचित ठरेल. जिचे सूर आणि लाकूड एका काळचे आहे आणि केवळ झिजणारे भाग बदललेले आहेत, ती दुरुस्त केलेली अस्सल पेटी. तिच्या किमतीतून दुरुस्तीसाठी काही वजा करण्याचे कारण नाही, कारण त्या दुरुस्तीवाचून ती वाजलीच नसती. जिच्यात एका पेटीचे लाकूड आणि दुसरीचे सूर आहेत, ती जुळविलेली पेटी. ती उत्तम वाजू शकते, आणि भजनासाठी ती बेलाशक घ्यावी, परंतु पुराणवस्तूचे मोल तिला देऊ नये. आणि जी नव्या लाकडाला जुनेपणाचा रंग देऊन, खोटी पट्टी ठोकून पॅरिसची म्हणून खपविली जाते, ती बनावट. वाईट आहे ती बदललेली वस्तू नव्हे. बदल लपविणे वाईट आहे.

जुनी पेटी विकत घेणाऱ्याने झाकण काढू न देणाऱ्या विक्रेत्याशी व्यवहारच करू नये. आणि खात्री पटत नसेल तर पेट्या मिळविणाऱ्या जाणत्या कारागिराला समक्ष दाखवावी. भजनी मंडळांना मात्र एक निराळीच विनंती करावीशी वाटते. वर्गणीचा हिशेब जसा वहीत ठेवता, तशीच पेटीचीही एक नोंद ठेवा: ती कधी, कोठून, किती रुपयांना घेतली, भाता कोणत्या साली बदलला, कोणते सूर नवे घातले, पुरात ती भिजली होती काय. काढलेला जुना सूर फेकून न देता डबीत जपून ठेवा आणि प्रत्येक दुरुस्तीची पावती त्या वहीत डकवा. पुढील पिढीला पेटीचा अस्सलपणा ठरविताना कोणाच्याही मोठ्या आवाजापेक्षा या चार ओळींचा आधार अधिक होईल.